दोन किलोबाइटमधली जागा

सल्लागारांविषयी आदर वाटावा म्हणून मी मनापासून प्रयत्न केला होता. शिकलेल्या माणसाचा मान ठेवायचा ही आमच्या घरातली सवयच. रस्त्यात चष्मा घातलेलं कोणी दिसलं तरी आई पदर सावरायची. पण बेळगावजवळच्या मच्छ्याच्या त्या कारखान्यात सरांसमोर बसून आठवड्यामागून आठवडे गेले तसा माझा आदर थोडा थोडा गळत गेला. शेवटी जे उरलं त्याला तुच्छता याखेरीज दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. मी तो बरेच दिवस शोधला. कोणाविषयी असं लिहावं की नाही, याचीही मला अजून खात्री नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या निपाणीच्या वस्तीतून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे काय विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागे. मला तो मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मिळाला. मालकांना सगळे आण्णा म्हणत. त्यांचा मूळ धंदा लेथवर सुटे भाग काढण्याचा, पण त्यांना आता इलेक्ट्रॉनिक वजनकाटा काढायचा होता. काट्यावर माल ठेवला की लाल दिव्यांचे आकडे उमटायचे आणि बाजूच्या छोट्या छपाईयंत्रातून पावती निघायची. पहिला काटा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत बसणार होता. माझी आई त्याच वखारीत कामाला होती.

तंबाखूच्या पाल्यातून काड्या निवडायचं काम तिथल्या बायका दिवसभर करत. संध्याकाळी प्रत्येकीचा निवडलेला माल तोलला जाई. दिवाणजी काट्याकडे बघत, तोंडाने आकडा बोलत आणि तोच लिहीत. बायकांच्या बाजूने काट्याची फक्त पाठ दिसायची. दिवाणजी बोलले ते वजन. कोणी विचारलंच तर, "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढं उत्तर ठरलेलं.

आईला मात्र थोडं कळायला लागलं होतं. वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला होता आणि दिवसभर तंबाखूची धूळ खाऊन आलेल्या डोळ्यांनी ती तिथे पाटीवर अंक गिरवून आली होती. एकपासून दहापर्यंत, मराठी. अक्षरंही जोडून जोडून वाचायची. काटा येणार म्हटल्यावर मी तिला इंग्रजी आकडे शिकवायला घेतले. नऊ काढून दाखवला.

"ह्यो एकच की," ती म्हणाली.

"न्हाय आई, हे नऊ."

"मग आट काड बगू."

मी आठ काढला.

"ह्ये चार झालं."

"हे आठ आहे."

"कालिजात एकाला नऊ आन् चाराला आट म्हन्त्यात व्हय? आन् दिवाणजीला नावं ठेवतोस!" म्हणून ती हसली आणि पाटी पुसून भाकरीला बसली. पुढेही मी दोन-तीनदा प्रयत्न केला. सुटे आकडे जमायचे, पण तीन-चार एकत्र आले की जुने अंक आडवे यायचे. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, की पावतीवर अंक मराठी हवेत. बाकी पावती कुठल्याही भाषेत असो.

कारखान्यात हे बोलायला मला फार धीर गोळा करावा लागला. सल्लागार, म्हणजे आमचे सर, पुण्याहून येत. परदेशात एका खोलीभर मोठ्या संगणकावर त्यांनी काही वर्षं काम केलं होतं आणि ती खोली ते अजून डोक्यात घेऊन हिंडत. चांगल्या हॉटेलात उतरत, दुपारी उशिरा येत आणि परतताना कुंद्याच्या मिठाईचे डबे घेऊन जात. आमच्या काट्यासाठी त्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. तिच्या गाभ्याला ते कर्नेल म्हणत. सगळ्या कामांना आळीपाळीने प्रोसेसर वाटून देणारा, कोणी कधी चालायचं ते ठरवणारा तो भाग. सरांचं कर्नेल एकाच वेळी सोळा कामं सांभाळू शकत असे. त्यांतलं महत्त्वाचं कोणतं ते ठरवायचं, एकाला झोपवायचं, दुसऱ्याला उठवायचं, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा. आमच्या काट्याला कामं होती चार. वजन वाचणं, दिवे लावणं, बटणं बघणं आणि पावती छापणं. चार माणसांच्या घराला सोळा दरवाजे लावले होते आणि प्रत्येक दारावर एक पहारेकरी.

हे सगळं राहायचं कुठे, तर बोटाएवढ्या एका चिपमध्ये. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची आणि पोटात दोन किलोबाइट, म्हणजे जेमतेम दोन हजार अक्षरांची जागा. त्यातली निम्म्याहून जास्त जागा कर्नेलने खाल्ली होती. उरलेल्या जागेत काट्याचं खरं काम अंग चोरून बसलेलं. मोठी चिप मिळाली असती, पण सर्किट बोर्डांवर एकाच चिपची जागा होती, आणि बोर्ड ढिगाने तयार होऊन पडले होते. प्रोग्राम लिहून व्हायच्या आधीच. कारण खंडेनवमी जवळ आली होती आणि हत्यारांच्या पूजेत नवीन मालाची रास मांडायची मालकांची इच्छा होती. लेथला झेंडूची माळ, बोर्डांना हळदकुंकू. त्यातले काही बोर्ड हळद लागून कायमचे गेले. त्याची कोणाला लाज वाटल्याचं दिसलं नाही.

"सर, पावतीवर मराठी अंक घेता येतील का?" मी एकदाचं विचारलं.

सरांनी माझ्याऐवजी मालकांकडे पाहिलं. "मराठी अंक? कशाला? अंक जगात सगळीकडे सारखेच."

"वखारीतल्या बायकांना..."

"जागा नाही. कर्नेलला हात लावता येणार नाही. उरलेल्यात काय ते बसवा."

"ऱ्हाऊ दे रं," मालक मला म्हणाले. "मशीनला कसली आलीय भाषा?"

त्याच आठवड्यात मालकांनी येळ्ळूरला एका सभेत भाषण केलं होतं. मीही गेलो होतो. मराठीसाठी प्राण गेला तरी बेहत्तर, असं ते बोलले होते आणि मी खरोखर भारावून टाळ्या वाजवल्या होत्या. आता हिशेब केला, तर दहा मराठी अंकांच्या ठिपक्यांच्या आकृत्या फार तर साठ-सत्तर बाइटांत बसत होत्या. प्राण द्यायला निघालेल्या माणसाकडे सत्तर बाइट नव्हते. टाळ्या वाजवलेले माझे हात मला काही दिवस परके वाटत राहिले.

मी पुन्हा विचारलं, की कर्नेल लहान करून बघू का.

सर हसले. "कर्नेल लहान करणार? बघ बाबा. पण माझ्या नावाला धक्का लागता कामा नये." माझ्या प्रकल्पावर सही त्यांचीच लागणार होती, हेही त्यांनी त्याच हसण्यात सांगून टाकलं.

तिथे आमच्यासाठी वेगळा संगणक नव्हता. सरांच्या कर्नेलची कागदावरची प्रत घेऊन एकेक सूचना वाचायची, तिचे आकडे हाताने काढायचे, सरावाच्या बोर्डवर बटणं दाबून ते भरायचे आणि चालतं का बघायचं. चाललं तर चिपमध्ये उतरवायचं. चुकलं तर चिप जांभळ्या दिव्याखाली ठेवून पुसायची. तो दिवा साबणाच्या लाकडी खोक्यात बसवला होता आमच्या जोडकाम करणाऱ्या कारागिराने. तो जवळच्या सांबरा गावचा. घरी कन्नड, माझ्याशी मराठी आणि चिप भाजली की दोन्ही भाषांत शिव्या. "पापड वाळत घातलेत," कोणी विचारलं की खोक्याकडे बोट दाखवून सांगायचा.

सुरुवातीला मी फार भीत भीत काढत होतो. एवढ्या मोठ्या माणसाने काही लिहिलं आहे म्हणजे त्याला कारण असणार, आपल्याला कळत नसेल. एकेक भागापुढे मी दोन-दोन दिवस घालवले. मग एका ठिकाणी मला एक तुकडा सापडला. काटा सुरू झाला की तो तुकडा चुंबकीय टेप जोडली आहे का ते विचारायचा, उत्तराची वाट बघायचा आणि उत्तर आलं नाही की पुढे जायचा. तंबाखूच्या काट्याला टेप! रोज सकाळी दिवे लागायला एवढा वेळ का लागतो, याचं कोडं तिथे सुटलं. कुठल्या तरी मोठ्या यंत्राचं लिखाण सरांनी उचललं होतं, आणि उचलताना वाचलंही नव्हतं. त्या दिवशी माझी भीती संपली. तिच्या जागी जे आलं, ते फार बरं नव्हतं.

मग मी भराभर काढत गेलो. टेप गेली. यंत्र वापरणाऱ्यांची नावं लक्षात ठेवायची सोय गेली. दिवाणजी एकटेच तर वापरणार होते. झोपवणं गेलं, उठवणं गेलं, निरोप गेले. त्या प्रोसेसरमध्ये एखाद्या कामाला हाक मारायला तीन बाइट लागत, पण तीच हाक एका बाइटात मारायचीही सोय होती. नेहमी लागणाऱ्या मोजक्या कामांसाठीच ती असते. सरांनी ती भविष्यात लागेल म्हणून कोरी ठेवली होती. भविष्यकाळाला राखीव जागा आणि बायकांना जागा नाही! मी ती सगळी वापरली.

शेवटी उरला कोण महत्त्वाचा ते ठरवणारा भाग, सरांचा सगळ्यात लाडका. तो काढला तर चार कामांना पाळी कशी द्यायची? पुस्तकांत दिलेल्या रीती मोठ्या होत्या. मला माहीत असलेली एकच रीत लहान होती, ती आमच्या वस्तीतल्या नळाची. नळाला पाणी थोडा वेळ यायचं. घागरी आधीपासून रांगेत. घागर ठेवून बाई कामाला गेली तरी पाळी तिचीच. तिची पाळी आली आणि ती नसली, तर तिला हाक मारायची आणि ती येईपर्यंत थांबायचं. घागर ओलांडायची नाही. पूर्वी कधीतरी ओलांडली होती आणि त्या भांडणात दोन घरांची पिढीभर बोलाचाली बंद होती, म्हणून हा नियम. नळावर कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही, घड्याळ घेऊन उभा राहणारा मुकादमही नाही. जिचं झालं, तिने पुढचीला हाक द्यायची.

मी तेच लिहिलं. वजनाने आपलं काम करायचं, झालं म्हणायचं, दिव्यांना हाक द्यायची. दिव्यांनी बटणांना, बटणांनी छपाईला, छपाईने परत वजनाला. जोवर एक झालं म्हणत नाही तोवर दुसऱ्याने हलायचं नाही. सरांच्या कर्नेलच्या दहाव्या भागातही ते भरेना. आकडे लागलीच उमटायला लागले.

मराठी अंक मी सगळ्यात आधी बसवले. कारागिराने चौकटीच्या कागदावर ठिपके काढून दिले. त्याचा पाच इतका डौलदार होता की मी तो पुन्हा पुन्हा छापून बघितला. "तुझं बसलं न्हवं? आता आमचं कन्नडबी बसव," तो म्हणाला. जागा बरीच होती. बसवू या म्हणालो.

पण जागा झाल्याची बातमी वर गेली. जागा नाही म्हणून जे गप्प होते ते सगळे आले. आधी मालक. "जागा हाय म्हन्तोस? मग एक काम कर. पावतीवर सगळ्यात वर कुलदैवत प्रसन्न पायजे. त्याच्याखाली आमचं नाव."

"कारखान्याचं?"

"आमचं. पुरं. वडलांच्या नावासकट. आन् ते उद्योगभूषण बी घाल."

उद्योगभूषण ही पदवी त्यांना गल्लीतल्या गणपती मंडळाने दिली होती. दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघाही हव्या होत्या, लग्नपत्रिकेवर असतात तशा. अंक सुटसुटीत असतात, पण मालकांच्या नावात जोडाक्षरंच जास्त. प्रत्येक अक्षराची आकृती जागा खात गेली. त्यानंतर सर आले. कर्नेल त्यांचं राहिलं नव्हतं, पण ते त्यांनीच रचलं अशी एक ओळ त्यांना चिपच्या आत हवी होती. ही ओळ कुठेही छापली जाणार नव्हती, कोणाला दिसणार नव्हती. "असू दे," ते म्हणाले. "उद्या कोणी चिप उघडून वाचली तर कळायला हवं." माझ्या मनात आलं, जो वाचेल त्याला तो टेपचा तुकडा मात्र सापडणार नाही, एवढंच एक दुःख. मी ओळ घातली. सही त्यांची हवी होती.

मग चिपमध्ये मोकळे असे चारच बाइट उरले. कन्नड राहिलं. मला कारागिराकडे बघवेना.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "तुला वाटलं आण्णा तुमचा मराठीवाला, म्हणून आमचं गेलं? तसं न्हाय. आण्णा आण्णाचाच."

वखारीत काटा बसवायच्या दिवशी मांडव घातला होता. वखारीचे मालक, आमचे मालक, सर आणि गावातली चार वजनदार माणसं खुर्च्यांवर बसली. बायका दिवसभराचा माल घेऊन पलीकडे उभ्या होत्या, त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. नारळ कुठे फोडायचा याची थोडी चर्चा झाली आणि तो काट्याच्या तबकावरच फोडला गेला. पाणी सांध्यात उतरायला लागलं तसा मी रुमालाने पुसत बसलो. मालकांनी भाषण केलं. सीमाभागातला मराठी आकडे छापणारा हा पहिला काटा, म्हणाले. ही कल्पना त्यांना येळ्ळूरच्या सभेतून घरी येताना सुचली होती, म्हणाले. मी रुमाल पिळला.

पहिल्या पावत्या पाहुण्यांना आठवण म्हणून वाटण्यात आल्या. रिकाम्या काट्याच्या. देव प्रसन्न, मालकांचं पूर्ण नाव आणि खाली वजन शून्य. मालक उत्साहाने एकेक फाडून देत होते. मागे उभ्या असलेल्या पोरांनाही मिळाल्या.

मग बायकांची रांग सुरू झाली. पहिलीची पावती निघाली. तिला वाचता येत नव्हतं, तिने ती मागे दिली, आणि वर्गाला जाणाऱ्या एकीने मोठ्याने अंक वाचले. दिवाणजी लिहिता लिहिता थांबले. त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

"तुला कुनी विचारलं?"

"तुमी न्हाय, हिनं विचारलं," ती बाई म्हणाली.

आणखी काही जणींचा माल तोलला गेला. आई तबकापाशी आली, तिने आपला माल ठेवला आणि त्याच वेळी कागदाची गुंडाळी संपली. दिवे जिथल्या तिथे थिजले. आधीच्या बाईचंच वजन दाखवत राहिले. मी बटण दाबून बघितलं. काही होईना. आणि काय झालं असणार ते एकदम लक्षात आलं. छपाईची पाळी होती. तिच्याकडे कागद नव्हता. ती झालं म्हणत नव्हती, म्हणून बाकीचे तिघे थांबले होते. कागद संपू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कुठल्याही शहाण्या इंजिनिअरने तिला ओलांडून पुढे जायची सोय केली असती. मी मात्र नळावर वाढलेला.

"काय झालं?" सर खुर्चीतूनच म्हणाले. त्यांचा आवाज प्रसन्न होता.

"कागद संपलाय सर."

"मग वजन का थांबलं?"

"छपाईची पाळी आहे. ती झाल्याशिवाय..."

"कागद नाही म्हणून वजन नाही? हे कुठल्या पुस्तकातलं?"

खोटं काही सुचलं नाही. "पुस्तकातलं नाही सर. आमच्या वस्तीत नळावर तशी रीत आहे. घागर ओलांडत नाहीत."

सर पाहुण्यांकडे वळले. "ऐकलंत? मी याला जगातलं उत्तम कर्नेल दिलं. याने नळावरच्या बायकांचं बसवलं!"

खुर्च्यांवर मोठा हशा झाला. रांगेत कोणी हसलं नाही. आई आपल्या मालावर हात ठेवून उभी होती.

"कागद नसंना का," दिवाणजी पुढे होत म्हणाले. "दिव्यावरचा आकडा मला दिसतोय की. मी बोलतो, मी लिवतो. पैल्यासारकं. तेवडं चालू करून द्या."

"व्हय, कागदाबिगर चालंल असं करा," वखारीचे मालक आमच्या मालकांना म्हणाले. "रोज कोन कागद घालत बसायचं?"

तेव्हा मला सगळं कळलं. ती सोय केली की या वखारीत पुन्हा कधी कागद घातला जाणार नाही. पाटीवर गिरवलेले अंक पाटीवरच राहतील. आईलाही कळलं असावं. ती दिवाणजींकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"किती वेळ लागंल?" मालकांनी विचारलं.

"काम थोडं आहे आण्णा. दहा-बारा बाइट लागतील. पण मोकळे चारच आहेत."

"मग काड की कायतरी."

"काय काढू?"

हा प्रश्न मी खरंच विचारला होता. धूर्तपणा करायची माझी तेव्हा हिंमत नव्हती. पण विचारल्यावर मांडवात जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

"ते मराठी आकडे काढा," दिवाणजी म्हणाले.

मालकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. भाषण होऊन फार वेळ झाला नव्हता आणि पावत्या अजून सगळ्यांच्या हातात होत्या. "मराठीला हात लावायचा न्हाय," ते जोरात म्हणाले. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"मग सरांची ओळ काढली तर बसेल," मी म्हणालो. "ती छापली जात नाही."

सर उभे राहिले. "ती ओळ म्हणजे माझा हक्क आहे. ती काढलीत तर माझा या यंत्राशी संबंध नाही."

"कुलदैवत?"

"देवाला काडतोस व्हय रं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग," मी मालकांकडे बघायचं टाळत म्हणालो, "उद्योगभूषण काढलं तरी पुरे."

मालकांनी हातातली पावती वाचली. शांतपणे, वरून खाली. देव, मग ते, मग त्यांचे वडील, मग पदवी. मी तोवर खूप माणसं विचार करताना पाहिली होती, पण एवढ्या लहान गोष्टीवर एवढा वेळ कोणी घालवलेला पाहिला नव्हता. मग त्यांनी पावतीची घडी केली आणि खिशात ठेवली.

"हाय तसं हाय," ते दिवाणजींना म्हणाले. "कागद घालत जावा की. एवडं लाकाचं यंत्र दिलंय आन् तुमाला कागद घालवत न्हाय?"

सरांनी पुढे माझ्या प्रकल्पावर सही केली, समाधानकारक असा शेराही मारला. त्यांचं नाव चिपमध्ये होतं, न करून करतात काय? त्या मांडवातल्या एकाही माणसाने बायकांसाठी म्हणून काही केलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं नाव, आपापली खुर्ची सांभाळली आणि त्या ओढाताणीत काट्याला कागद लागणं टिकून राहिलं. त्यांच्या मोठेपणाची मला कीव येत नाही. कीव करायलाही थोडी माया लागते.

दिवाणजींनी तोंडातल्या तोंडात पुटपुटत नवी गुंडाळी आणली. बसवता येईना तेव्हा मी बसवून दिली. छपाईने आधीच्या पावतीचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं, झालं म्हटलं, दिवे हलले. आईचं वजन उमटलं आणि पावती बाहेर आली. दिवाणजींनी बोलायला तोंड उघडलं. आईने पावती त्यांच्या आधी फाडली, मांडवाच्या कडेला उजेड होता तिथे नेली, देवाच्या आणि मालकांच्या नावावर अंगठा ठेवून खालचं वाचायला लागली.

"सा," ती म्हणाली. थांबली. "टिंब. चार. पाच. शून्य." पुन्हा एकदा मनात वाचलं आणि परत आली. "त्या टिंबाचं काय करायचं ते तुमी बगा. बाकी मी सांगितलं. लिवा."

दिवाणजींनी लिहिलं.